जोशी हे आडनाव नसलेला वर्ग

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ‘सोको जोशी ज्यूदो क्लब’चं नाव मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा सदाशिव पेठेतलं कुणी तिकडे जाऊन मॅट अंथरून बसलंय की काय, असंच वाटलं. जपानीत ‘जोशी’ म्हणजे मुली, बायका. ‘सोको’ हे त्या शहराचं जुनं जपानी नाव. सरळ मराठीत सांगायचं तर सॅन फ्रान्सिस्को महिला ज्यूदो वर्ग.

मी स्वतः मुलींची ज्यूदोची बॅच घेते. प्रवेशाच्या दिवसांत आया येतात. पहिला प्रश्न, शिकवायला मॅडम आहेत ना? दुसरा, मुलं असतात का सोबत? तिसरा प्रश्न आवाज खाली आणून विचारला जातो आणि तो नेहमी जमिनीवरच्या पकडींबद्दल असतो. आईंचं चुकत नाही. बॅडमिंटनमध्ये मध्ये जाळी असते, कबड्डीत पकड काही क्षणांची. ज्यूदोत प्रतिस्पर्ध्याला पाठीवर पाडून, छातीवर छाती टेकवून २० सेकंद दाबून धरलं की पूर्ण गुण, म्हणजे ‘इप्पोन’. सरावात तर ते मिनिटंमिनिटं चालतं. अंगाला अंग भिडवण्याचाच हा खेळ आहे, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्याच दिवशी मुलाखाली दबून राहायला सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. दुसरीकडे हॉल देणारी मंडळी विचारतात, समानता पाहिजे म्हणता, मग वेगळी बॅच कशाला? दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकताना पटतं, आणि तिथेच पंचाईत होते.

सोको जोशीचं प्रकरण मी त्यासाठीच निवडलं. एकच बाई, जपानी ज्यूदो शिक्षिका केइको फुकुदा, आयुष्यात दोन वेगवेगळ्या ‘फक्त महिलांसाठी’ वर्गांत वावरल्या. एकात विशी ओलांडल्यावर शिष्या म्हणून शिरल्या, दुसरा, म्हणजे सोको जोशी, पन्नाशी उलटल्यावर स्वतः उभा केला. दोन्हीकडे पुरुषांना मज्जाव आणि शिकवलेले डाव बहुतांशी तेच. तरी पहिल्या वर्गाने त्यांना एका पायरीवर अडवून ठेवलं आणि दुसऱ्याने ती पायरी ओलांडायला लावली.

कोदोकानमधली वेगळी खोली

ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात १२ ततामी चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली. १८९३ पासून कानो बायकांनाही शिकवत होते. त्यांची पत्नी आणि मुलीही सराव करत. पण कोदोकानचा रीतसर महिला विभाग, ‘जोशी-बू’, उघडला तो १९२६ मध्ये. त्या काळात आपल्याकडच्या तालमीत बाईने हौद्याच्या कडेला उभं राहणंही खपत नसे, हे लक्षात घेतलं तर कानो काळाच्या पुढेच होते म्हणायचं.

फुकुदांचं घराणं या कहाणीत आधीपासून आहे. त्यांचे आजोबा हाचिनोसुके फुकुदा हे जुजुत्सूचे, म्हणजे ज्यूदो जिच्यातून घडला त्या जुन्या जपानी झुंजविद्येचे गुरू आणि कानोंच्या पहिल्या काही शिक्षकांपैकी एक. कानो १८७७ मध्ये त्यांच्याकडे शिकायला लागले. तिथला एक दांडगा थोरला शिष्य काही केल्या पडेना, तेव्हा कानोंनी ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं धुंडाळली आणि खांद्यावर आडवा उचलून टाकायचा डाव बसवला. ज्यूदोत त्याला ‘काता-गुरुमा’ म्हणतात, आपला पैलवान बघितल्या बघितल्या म्हणेल, ही तर कलाजंग! सांगायचं इतकंच की ज्या माणसाने आपली विद्या दुसऱ्याच्या आखाड्यातून उचलायला कमीपणा मानला नाही, त्यानेच पुढे बायकांसाठी भिंत घातलेला विभाग काढला.

केइकोंचा जन्म १९१३ चा. वडील लवकर गेले. चहाचा विधी, पुष्परचना, सुलेखन, म्हणजे चांगल्या घरच्या मुलीने शिकायचं ते सगळं त्या शिकल्या होत्या. गुरूची नात म्हणून कानोंनी स्वतः निरोप धाडून त्यांना बोलावलं. काकांना हे रुचलं नाही. आई आणि भाऊ पाठीशी राहिले. पुढेमागे एखाद्या ज्यूदोवाल्याशीच लग्न जमेल, असाही घरच्यांचा हिशेब होता म्हणे. १९३५ मध्ये त्या महिला विभागात दाखल झाल्या. उंची पाच फुटांच्या आत आणि वजन ४५ किलोंच्याही खाली. तिथे तेव्हा जेमतेम दोन डझन बायका होत्या.

आत काय चालायचं? पडायला शिकणं, म्हणजे उकेमी. ठरलेल्या क्रमाने जोडीने करायचे डाव, म्हणजे काता. मोकळी लढत, रांदोरी, पण सांभाळून आणि धसमुसळेपणा टाळून. स्पर्धा मात्र पूर्ण बंद. चुरशीची झुंज बायकांच्या शरीराला मानवत नाही, ही त्या काळची समजूत विभागाच्या नियमांतच उतरली होती. काळा पट्टा मिळाला तरी त्याच्या मधून लांबीभर पांढरी पट्टी असायची, म्हणजे हा पट्टा वेगळ्या खोलीतला आहे हे लांबूनही कळावं. आणि बढतीची हद्द पाचवी दान. दान म्हणजे पायरी. आपल्या भाषेतल्या दानाशी त्याचा संबंध नाही, पण पट्टा देणारे सगळे हात पुरुषांचे असल्यामुळे बायकांच्या बाबतीत ते दानच होतं, असं म्हणायचा मोह होतो.

या विभागाला नुसता तुरुंग म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. स्पर्धा नव्हती म्हणून काता तिथे जिवापाड जपला गेला. ‘जू-नो-काता’ घ्या. पाच-पाचचे तीन संच, एकूण १५ हालचाली. यात कपडा पकडायचा नाही आणि कुणी कुणाला आपटायचंही नाही. रोजच्या कपड्यांतही करता येतो. हल्ला आला की त्याला थेट अडवायचं नाही, त्याच्याच दिशेने वळायचं, तोल जाण्याच्या टोकापर्यंत न्यायचं आणि तिथे थांबायचं. हे थांबणं फार अवघड असतं. मी माझ्या ताकदवान मुलींना मुद्दाम करायला लावते. ज्या एरवी ओढून पाडतात त्यांचे पाय इथे लटपटतात. फुकुदा या काताच्या जगातल्या सर्वोत्तम जाणकार झाल्या. १९६४ मध्ये तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्यूदो पहिल्यांदा आला. पदकं फक्त पुरुषांना, चार गटांत. फुकुदा तिथे होत्या, जू-नो-काताचं प्रात्यक्षिक करायला.

माझ्या मते प्रकरणाचा पेच हाच आहे. वेगळ्या वर्गाने त्यांना अशी विद्या दिली, जी बाहेर फार थोड्यांकडे होती, आणि त्याच वर्गाने त्या विद्येला हद्द घालून दिली. लग्नासाठी स्थळ आलं तेव्हा ज्यूदो सोडावं लागेल हे उघड होतं, त्यांनी नकार दिला आणि पुढे लग्न केलंच नाही. म्हणजे किंमत पूर्ण मोजली. तरी वर्षानुवर्षं पाचव्या दानवरच. पुरुषांना अशी हद्द नव्हती.

ज्यांना जोड मिळत नाही

१९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरात वायएमसीएची ज्यूदो स्पर्धा भरली होती. ब्रुकलिनची रस्टी नावाची एक तरुणी केस कापून, छाती घट्ट बांधून पुरुषांच्या संघातून बदली खेळाडू म्हणून उतरली. तिने आपली लढत जिंकली, संघही जिंकला. मग आयोजकांनी बाजूला घेऊन विचारलं, तू बाई आहेस का? तिने हो म्हटलं आणि पदक परत द्यावं लागलं.

पुढे रस्टी कानोकोगी म्हणून ओळखली गेलेली ही बाई १९६२ मध्ये कोदोकानला पोचली. साहजिकच महिला विभागात टाकली गेली. तिथल्या बायका तंत्रात तिच्यापेक्षा सरस असतील, पण तिच्या वजनाला आणि दमाला तिथे जोड नव्हती. शेवटी तिला पुरुषांच्या मुख्य मॅटवर पाठवलं गेलं. तिथे पुरुषांसोबत सराव करू दिलेली ती पहिली बाई.

जोड हा शब्द आपल्या मातीतल्या माणसाला समजावून सांगायला नको. जत्रेच्या फडात पंच आधी जोडी लावतात, मगच कुस्ती लागते. लहान वर्गाची अडचण हीच असते. १५ मुलींत एक ७० किलोंची असली तर तिने लढायचं कुणाशी? ४५ किलोवालीवर ती नुसती वाकली तरी सराव संपतो, आणि ती स्वतः तर काहीच शिकत नाही. हरियाणातल्या बलालीच्या गीता आणि बबिता फोगट मुलांशी लढूनच तयार झाल्या. त्यामागे मोठं तत्त्वज्ञान नव्हतं, आसपास मुलीच नव्हत्या. दार कायम बंद ठेवणाऱ्या वर्गाला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. फुकुदांच्या दुसऱ्या वर्गालाही ते पुरतं देता आलं नाही, हे आधीच कबूल करते.

मंदिरातला वर्ग

कानो १९३८ मध्ये जहाजावर, कैरोहून जपानला परतताना वारले. ज्यूदो परदेशी न्या, ही त्यांची इच्छा फुकुदांनी मनावर घेतली होती. १९५३ मध्ये त्या पहिल्यांदा कॅलिफोर्नियाला गेल्या. १९६६ मध्ये पुन्हा गेल्या आणि तिथल्याच झाल्या, पुढे अमेरिकेचं नागरिकत्वही घेतलं. ओकलंडच्या मिल्स कॉलेजात त्या १९७८ पर्यंत शिकवत होत्या, आणि तेव्हा ते कॉलेजही मुलींचंच होतं. शिवाय घरी काही बायका यायला लागल्या. घर पुरेना, म्हणून वर्ग जपानटाउनमधल्या सोकोजी या झेन मंदिरात हलला. सोको जोशी तो हाच. कानोंची सुरुवात मंदिरात, फुकुदांचीही मंदिरात. फक्त ८० हून अधिक वर्षं मध्ये गेली होती.

आत शिरून पाहिलं असतं तर तोक्योच्या वर्गापेक्षा फार वेगळं दिसलं नसतं. तेच पडणं, तोच काता, तीच शिस्त. बदलल्या होत्या त्या तीन गोष्टी. गुरू बाई होती. कुणाला कधी वर चढवायचं याची पहिली शिफारस तिच्याकडून निघत होती. आणि दार बाहेरून लावलेलं नव्हतं: इथल्या मुली बाहेरच्या स्पर्धांत, मिश्र वर्गांत जायला मोकळ्या होत्या, परत यायलाही. १९७४ पासून फुकुदांनी बायकांसाठी वार्षिक शिबिर सुरू केलं. आपापल्या गावातल्या क्लबात एकट्याच बाई म्हणून सराव करणाऱ्यांना वर्षातून एकदा आपल्यासारख्या अनेकजणी एका मॅटवर दिसायला लागल्या. जोडीच्या प्रश्नावरचं हे त्यांचं उत्तर. अर्धंमुर्धं, पण कामाचं.

मग तो प्रसंग घडला, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. शिष्यांच्या लक्षात आलं की आपल्या गुरूला पाचव्या दानच्या वर जाऊच दिलेलं नाही, आणि कारण फक्त बाई असणं. फुकुदा स्वतः भांडायला जाणाऱ्यांतल्या नव्हत्या, जुन्या वळणाच्या होत्या. भांडल्या त्या शिष्या. सत्तरीच्या सुरुवातीचं सॅन फ्रान्सिस्को, बायकांच्या चळवळीचे दिवस. वर्गातल्याच काहीजणी त्या चळवळीत होत्या. पत्रांची मोहीम झाली. १९७२ मध्ये कोदोकानने नियम मोडून सहावी दान दिली, केइको फुकुदांना आणि महिला विभागाच्या जुन्या गुरू मासाको नोरितोमींनाही.

कोदोकानच्या महिला विभागातही फुकुदांचा मान मोठा होता, शिष्या होत्या, जिव्हाळा होता. तिथून अशी मोहीम का निघाली नाही? जपान आणि अमेरिका वेगळी, हे खरं, पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही. तिथल्या वर्गाचं अस्तित्वच वरच्यांच्या मर्जीवर होतं. जागा त्यांची, पट्टा त्यांचा, नियम त्यांचा. सोको जोशीचं भाडं, वेळापत्रक, किल्ली, सगळं बायकांकडे होतं. तक्रार केली तर वर्ग बंद पडेल अशी भीती नव्हती. महिलांसाठी राखीव वर्गाचं मोल मोजताना मी हाच प्रश्न आधी विचारते: या वर्गातल्या बाईला वरच्याविरुद्ध तक्रार करायची झाली, तर उद्या सरावाला जागा उरेल का?

पुढचा हिशेब थोडक्यात. १९९४ मध्ये आठवी दान आणि लाल पट्टा, तो मिळवणारी पहिली बाई. २००६ मध्ये कोदोकानकडून नववी. दहावी आली २०११ मध्ये, तीही अमेरिकेतल्या संघटनेकडून. तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या आणि खुर्चीत बसून का होईना, वर्ग घेत होत्या.

बाजू जी झाकू नये

सोको जोशीतून जगज्जेत्यांची रांग लागली नाही. तो मार्ग रस्टीने उघडला. तिने घर गहाण टाकून १९८० मध्ये न्यूयॉर्कला महिलांची पहिली जागतिक ज्यूदो स्पर्धा भरवली. २७ देश आले. जपानने काओरी यामागुची नावाची १५ वर्षांची मुलगी पाठवली, ती ५२ किलोंत रौप्य घेऊन गेली आणि चार वर्षांनी जगज्जेती झाली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ज्यूदोला पूर्ण पदकांचा दर्जा मिळाला. ही वाट मिश्र सरावातून आणि खुल्या चुरशीतून गेली. तेव्हा वेगळा वर्ग की एकत्र, असा एकच कौल या प्रकरणातून निघत नाही, आणि तो काढायचा हट्ट मी धरणार नाही.

पण आणखी एक गोष्ट घडली. जानेवारी २०१३ मध्ये बाहेर आलं की जपानच्या राष्ट्रीय महिला संघातल्या १५ ज्यूदोपटूंनी प्रशिक्षकाच्या मारहाणीबद्दल लेखी तक्रार केली आहे. सरावात मारणं, काठीने फटकावणं, घालूनपाडून बोलणं. मुख्य प्रशिक्षक पुरुष होता, त्याला राजीनामा द्यावा लागला. तक्रार करणाऱ्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत यामागुची होत्या, तीच १५ वर्षांची मुलगी. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला, कॉलेजच्या महिला संघाला शिकवणाऱ्या एका दोन वेळच्या ऑलिंपिक विजेत्याला स्वतःच्या शिष्येवरील बलात्काराबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. ९ फेब्रुवारीला सॅन फ्रान्सिस्कोत केइको फुकुदा गेल्या, ९९ व्या वर्षी.

राष्ट्रीय संघात आणि त्या कॉलेजात, दोन्ही ठिकाणी मॅटवर फक्त मुलीच होत्या. बाहेरच्या पाटीवर ‘महिला संघ’ लिहिलं होतं. संरक्षण काहीही नव्हतं, उलट एकच पुरुष आणि त्याच्या हातात निवड, करिअर, शिक्षा सगळं. आपल्याकडे बरोबर दहा वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप झाले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्यानंतर दोन महिन्यांनी सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. पुरुषांची स्पर्धा १९६१ पासून चालू आहे, म्हणजे ६२ वर्षांनी. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा उचलली. तो फोटो मी बॅचच्या भिंतीवर लावलाय. पण गदेच्या फोटोसोबत मुलींना विचारते, तालुक्यात मुलींची तालीम कुठे आहे, तिथे वस्ताद कोण आहे, आणि संध्याकाळी कुलूप कोण लावतं?

माझ्या बॅचपुरतं

हे प्रकरण वाचल्यावर मी तीन बदल केले. पहिले सहा महिने फक्त मुली, त्यानंतर शनिवारी शेजारच्या क्लबच्या मुलांसोबत मिश्र सराव. तो ऐच्छिक आहे, जमिनीवरच्या पकडी त्यात सुरुवातीला नसतात. कुणाशी लढायचं हे मुलगी ठरवते आणि नाही म्हणताना कारण द्यावं लागत नाही. दुसरं, पट्ट्याच्या परीक्षेला मी आता एकटी बसत नाही. वरच्या पट्ट्याची एक मुलगी सोबत गुण देते आणि तिचे गुण मला खोडता येत नाहीत. तिसरा बदल किल्लीचा. हॉलची दुसरी किल्ली एका पालक आईकडे असते, आणि माझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर तिच्याकडे सांगायचं, हे पहिल्याच दिवशी माझ्यासमोर मुलींना सांगितलं जातं. मला सुरुवातीला हे टोचलं. अजूनही थोडं टोचतं.

शनिवारच्या सरावाला १५ पैकी सहाजणी जातात. त्यातली एक ७२ किलोंची आहे. तिला दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी उचलून आपटलं. ती उठली, पट्टा नीट केला आणि म्हणाली, “मॅडम, पुढच्या शनिवारी परत हाच.”